डाव्या दाराशी

शिकारी कुत्र्याला कामाला कधी लावायचं, हा प्रश्न माझ्या वाट्याला यायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी बंदूक धरलेली नाही. मी वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरसमोर बसते आणि संध्याकाळच्या ट्रेनने घरी येते. कुत्र्यांबद्दलचं माझं ज्ञान एवढंच होतं की गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. हे मी शेजारच्या आजोबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आजोबा म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या कुंपणापलीकडे एकटेच राहणारे, ऐंशीच्या घरातले गोरे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माझी मुलगी त्यांना सरळ नावाने हाक मारायची, इथली पद्धतच तशी. मला काही ते जमेना. घरात मी त्यांना आजोबा म्हणायचे आणि समोर काहीच म्हणायचे नाही, नुसतं "किआ ओरा", हा इथला नमस्कार, म्हणून वेळ मारून न्यायचे.

त्या वर्षी वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, त्यांनी लॅब्रडॉरचं पिल्लू आणलं. काळी कुळकुळीत मादी. "या वयात हा उपद्व्याप कशाला?" असं माझा नवरा म्हणाला, आणि गल्लीतल्या बाकीच्यांनीही बहुतेक हेच म्हटलं असणार. पण आजोबांनी जन्मभर बदकांच्या शिकारीची कुत्री पाळली होती. शेवटचा कुत्रा म्हातारा होऊन गेला आणि त्यांना ते रिकामं घर सोसेना. ते तिला नुसतं "गर्ल" म्हणायचे. मी "पोरी" म्हणायचे, तेच आपल्या भाषेत.

इथे मेच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. आजोबांच्या पुतण्याचं डोंगरापलीकडे वायरारापात शेत आहे, त्यात तळं आहे. तळ्याकाठी पत्र्याचा आणि फांद्यांचा आडोसा केलेला असतो, त्याला इथे मायमाय म्हणतात. त्यात दबा धरून बसायचं, बदक पाण्यात पडलं की कुत्र्याने पोहत जाऊन ते आणायचं. दात न लावता आणायचं आणि माणसाच्या हातात द्यायचं. सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे सगळ्यात आधी.

मी यात पडले ती माझ्या तापट डोक्यामुळे. एक दिवस कुंपणावरून पाहिलं तर आजोबा पिल्लासाठी डमी फेकत होते. डमी म्हणजे कॅनव्हासची भरीव सुरळी, बदकाऐवजी सरावाला वापरतात ती. त्यांचा खांदा गेलेला, त्यामुळे ती त्यांच्याच पायाशी पडायची. पिल्लू आपलं इमानदारीत दोन पावलं जाऊन ती उचलून आणायचं. मला ते बघवेना. कॉलेजात मी गोळाफेकीच्या संघात होते. "द्या इकडे," म्हणाले आणि कुंपणाच्या फाटकातून आत गेले, ती गेलेच.

मग रोज सकाळी ट्रेनच्या आधी आम्ही तिघं माझ्या गाडीतून नदीवर जायला लागलो. आजोबांचे गुडघे आखडलेले, त्यांना उभं राहवायचं नाही. ते माझ्या शेजारच्या, डावीकडच्या सीटवर बसायचे, दार उघडून पाय बाहेर सोडायचे. मी लांब जाऊन फेकायचे. पोरगी त्यांच्या पायाशी थरथरत बसलेली असायची. ते हळूच नाव घेतल्यासारखं "गर्ल" म्हणाले की बाण सुटावा तशी सुटायची. परत येताना माझ्या शेजारून जायची, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. दाराशी जाऊन बसायची आणि आजोबा हात खाली धरून "गिव्ह" म्हणेपर्यंत डमी तोंडात धरून ठेवायची. मग ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. बक्षीस एवढंच. बिस्किट नाही, कौतुकाचा पूर नाही.

मी मात्र ओरडायचे. ती फेकायच्या आधीच उठली की माझा पारा चढायचा. आजोबा मला म्हणायचे, "त्या विलोच्या झाडापर्यंत जाऊन ये." मी तणतणत जाऊन यायचे. परतले की पोरगी आपल्या जागी शहाण्यासारखी बसलेली असायची आणि आजोबांच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. तिच्याबरोबर माझंही शिक्षण चाललंय हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

पाण्याला ती भ्यायची नाही, थंडीला भ्यायची नाही. भ्यायची ती आवाजाला. बंदुकीच्या आवाजाची सवय करायची तर ती जेवत असताना लांबवर काहीतरी वाजवायचं आणि हळूहळू जवळ यायचं, असं आजोबांनी सांगितलं. मी घरातली परात आणि उलथणं घेतलं. अंगणाच्या टोकाला उभी राहून परात बडवणारी बाई बघून समोरच्या बाईंनी फार अदबीने विचारलं, आज तुमचा काही सण आहे का? लांबून वाजवलं तर पोरगी कान टवकारून जेवत राहायची. जवळ आलं की जेवण टाकून माझ्या गाडीखाली. तिथून तिला बाहेर काढायला माझी मुलगी पोटावर झोपून, "कमॉन, यू आर फाइन, स्वीट ॲज!" असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणत राहायची.

एप्रिलमध्ये आजोबांना हॉस्पिटलात ठेवलं. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, ते वाढलं. घरी आले ते अर्धे होऊन. मला म्हणाले, "डॉक्टर पुढच्या मोसमाबद्दल काही बोलायला तयार नाही. म्हणजे हाच." आणि पोरगी तेव्हा नऊ महिन्यांचीही पुरती नव्हती.

मला वाटलं आता ते ठरवतील आणि मी गाडी चालवीन. पण त्यांनी उलटंच केलं. नदीवरून परत आल्यावर गाडीतून उतरेनात. म्हणाले, "तू सांग. तयार आहे का ती? मला विचारू नकोस. मला हवंय म्हणून मी हो म्हणेन."

मी म्हटलं, मला काय कळतं? ते म्हणाले, कळतं. आणि आवाजाने एकदा भेदरलेला कुत्रा पुन्हा बंदुकीजवळ जात नाही हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं. एका सकाळच्या घाईत तिचा सगळा जन्म फुकट गेला असता.

मी उद्या सांगते म्हणाले आणि रात्री भांडी घासताना नवऱ्यावर चिडचिड केली. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याची शेवटची इच्छा आहे गं. हो म्हण की. नाही जमलं तिला तर नाही जमलं." मलाही तेच म्हणायचं होतं. माझे वडील माझ्या लग्नाआधीच गेले. आजोबा गाडीत शेजारी बसलेले असले की मला बरं वाटायचं, इतकं साधं होतं ते. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण माझ्या पासपोर्टावर माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या वयाच्या आणि माझ्या भागातल्या किती जणांची तीच आहे, हे आपल्या लोकांना सांगायला नको. मी खरी जन्मले त्यानंतरच्या नोव्हेंबरात. बाबांना लेकीला शिकवायची फार घाई होती. त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती, आणि आपली पोरगी एक दिवससुद्धा उशिरा शाळेत जाता कामा नये, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. गुरुजींनी एक जून लिहिलं आणि मी पहिलीत बसले. वर्गातली सगळ्यात लहान. गुरुजी डस्टर टेबलावर आपटायचे, पोरं गप्प व्हायची, आणि मी बाकाखाली जायचे. मला ओढून बाहेर काढायचे. वाचायला शिकले, पुढे चांगली शिकले, इथवर आले, बाबांचं काहीच चुकलं नाही असं मी जगाला सांगत आले. तरी कुणी टेबलावर काही आपटलं की आजही माझ्या छातीत धस्स होतं. मीटिंगमध्ये साहेबाची फाइल जोरात पडली तरी.

ही एक जूनची गोष्ट आजोबांना ठाऊक होती. ऑफिसात त्या दिवशी केक कापतात हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, त्याच सुमाराला आमच्या राजाच्याही वाढदिवसाची सुट्टी असते आणि तोही काही तेव्हा जन्मलेला नाही. तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हणाले, "नाही. तयार नाही ती."

त्यांनी मान हलवली, आत गेले आणि दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस नदीवर आले नाहीत. मी हात केला तरी खिडकीतून हात केला नाही. मला राग आला, वाईट वाटलं, पुन्हा राग आला. विचारायचं कशाला मग माणसाने!

मोसमाच्या आदल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "उद्या गाडी काढशील? तिलाही घेऊ. तळ्यावर नाही जायचं."

आम्ही डोंगर ओलांडून गेलो आणि पुतण्याच्या शेताच्या पार बाहेर, रस्त्याकडेला गाडी लावली. तळं तिथून दिसतही नव्हतं. पोरगी आजोबांच्या पायाशी, काचा बंद. उजाडता उजाडता लांबवर पहिले बार झाले, उशी आपटल्यासारखे बसके. पोरगीने वर आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी तिला चिकनचा तुकडा दिला आणि काच बोटभर खाली केली. पुन्हा बार, पुन्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा तुकडा. काच अजून थोडी खाली. ज्या सकाळसाठी ते वर्षभर थांबले होते ती त्यांनी अशी काच खाली-वर करण्यात घालवली. पुतण्याने फोन केला तर म्हणाले, मी कामात आहे.

"बघ," ते मला म्हणाले, "आवाज झाला की अजून ती माझ्याकडे बघतेय. ज्या दिवशी आकाशाकडे बघेल, काय पडतंय म्हणून, त्या दिवशी समज." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस. मला तुझा फार राग आला होता."

जुलैत ते झोपेतच गेले. पोरगी कुणाची यावर चर्चा झालीच नाही. पुतण्या तिला न्यायला आला, ती माझ्या गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन बसली आणि उठेना. पुतण्या म्हणाला, "राहू दे. पण तिला कामाला लाव. अंकल चिडेल नाहीतर." नवऱ्याने एकदा कपाळावर हात मारला आणि संध्याकाळी तिच्यासाठी चपाती कुस्करायला बसला.

डिसेंबरापासूनचा इथला उन्हाळाभर आम्ही नदीवर गेलो. आता मुलगी फेकायची आणि मी पोरगीजवळ उभी राहायचे. ती आणलेली डमी माझ्या हातात द्यायची, जराशा नाराजीनेच. परात बडवणं चालू राहिलं. मार्चमध्ये पुतण्याने त्याच्या शेतात लांबवरून एक बार काढला. मी पोरगीचं तोंड बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कान पुढे केले आणि सरळ आकाशाकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, काहीतरी शोधत. अंगणात येऊन हे आजोबांना सांगावंसं वाटलं. त्यांच्या घरात तेव्हा दुसरेच लोक राहायला आले होते.

मेच्या पहिल्या शनिवारी मी मायमायमध्ये पुतण्याशेजारी बसले, त्याने दिलेला हिरवा कोट घालून, गारठून. गाडी मागे कुंपणाच्या फाटकाशी उभी होती. बदकं आली, पुतण्याने बार काढला, एक बदक तळ्याच्या पार मधोमध पडलं. पोरगी थरथरत होती, पण बसून होती. मी तिला थांबवून ठेवलं. मग म्हणाले, "जा पोरी."

ती पाणी कापत गेली, अलगद उचललं, वळली. काठाला लागली, अंग झाडलं नाही, डोकं वर धरून सरळ आमच्याकडे आली. मी हात पुढे केला. ती माझ्या हाताशेजारून पुढे गेली. मायमायच्या मागून, गवतातून, फाटकाशी. गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन बसली, बदक तोंडात धरून.

पुतण्या हळूच म्हणाला, "तयार नाही गं अजून. हातात द्यायला शिकली नाही."

"शिकलीय," मी म्हणाले.

मी उठून गेले. डावं दार उघडलं, त्यांच्या सीटवर बसले, पाय बाहेर सोडले आणि हात खाली धरला. "गिव्ह," म्हणाले, ते म्हणायचे तसं, ओठांतल्या ओठांत. तिने बदक माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून गाडीत डोकावून पाहिलं. मी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच बसून रडले.