करपलेलं पिठलं

आज पिठलं करपलं आणि त्या वासासरशी मी नाशिकरोडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोचले. मी दहा वर्षांची होते. आई ऑपरेशनसाठी दवाखान्यात, म्हणून पप्पांनी पहिल्यांदाच स्टोव्हवर पिठलं केलं होतं. जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे, हा आमच्या घरचा नियम.

काळ्या पिठल्याकडे बघत मी फणकारले, "माझ्याकडे आज काहीच नाहीये."

पप्पा रागावले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, ही चिडकी पोरगी माझ्यासमोर जेवायला बसलीय, तुझे उपकार."

तेव्हा ती मला चेष्टा वाटली होती.

आत्ता माझी लेक ताट सरकवून, गाल फुगवून बसली आहे. मी डोळे मिटते. प्रार्थना मला तोंडपाठ आहे.