ज्याचा भोपळा, तो घरचा

आमच्या माहेरच्या गोष्टींचं असं आहे बघा, सांगायला बसलं की संपत नाहीत, आणि नाही सांगितल्या तर माझ्या पोटात दुखतं! कुणी नुसतं "नदी" म्हणालं की माझी गाडी सुरू. आमचे हे म्हणतात, "झालं! आता हिचं माहेर वाहायला लागलं!" वाहू दे की. ज्याच्या गावाला साधा ओढा नाही, त्यानं गुमान ऐकावं.

तर आमचं गाव वाशीमजवळच, पण मध्ये नदी. पुढे जाऊन ती पैनगंगेला मिळते. पूल वगैरे काही नाही. बाजार, कचेरी, कापसातली सरकी काढायचा जिन, सगळं त्या काठाला आणि आम्ही या काठाला. उजाडायच्या आत निम्मं गाव नदी उतरून वाशीमला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. कुणी दूध घालायला, कुणी जिनात ड्यूटीला, कुणी कचेरीत शिपाई. आम्ही माळी. आमची आई, पारूबाई, डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन रोज निघायची. सण असो, ताप असो, नागा नाही!

वाशीमच्या लोकांना आमच्या गावाचं नाव घ्यायला जीभ जड व्हायची. "पल्याडचे" म्हणायचे आम्हाला. एकदा एका ठसकेबाज गिऱ्हाइकानं आईला नाक उडवत विचारलं, "काहो, तुमी पल्याडच्या ना?"

आई वांगी मोजत म्हणाली, "नाही माय, आमी अल्याडचे. पल्याड तं तुमी राहता. आमी रोज येतो तुमाले पाहाले!"

* * *

आता ती जागा सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं.

वाशीमच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या भाजीबाजारात, कडुनिंबाखाली एक जागा होती. दिवसभर सावली. भाजी सुकायची नाही, बसणाराही सुकायचा नाही. माझ्या आजीनं मरताना आईला दागिना दिला नाही, ही जागा दिली. म्हणाली, "पारू, हे सोडजो नको." आईनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

पण गुजरीचा कायदा कडक! सकाळी कचेरीच्या घंटेवर आठचा तास पडला आणि जागेवर माणूस नसलं, की जागा मोकळी. जो बसेल त्याची, परमनंट! नुसतं पोतं टाकून भागायचं नाही. माणूस पाहिजे, आणि तेही घरचं पाहिजे. पट्टी वसूल करणारा मुन्शी तास पडला की फेरी मारायचा.

समोरच ठकूबाईची जागा. ऐन उन्हात! ठकूबाई वाशीमचीच, नवरा जाऊन वर्षं झालेली, कांदे-मिरच्या विकायची. तिचा डोळा आमच्या कडुनिंबावर. रोज तास पडायच्या आधी ती टाचा उंच करून नदीच्या रस्त्याकडे पाहायची, आई येते की नाही ते. आई दिसली की पहिली सलामी तिची, "आली का व? मले वाटलं, वाहून गेली!"

"मी गेली तं तुया संगं भांडन कोन?"

मग दिवसभर दोघींची जुंपायची. गिऱ्हाईक भाजी बाजूला ठेवून ऐकत उभं राहायचं. सगळी गुजरी त्यांना "सवती" म्हणायची. दोघींनाही त्याचं काही वाटायचं नाही, एकमेकींचंच काय ते वाटायचं.

* * *

पावसाळ्यात नदी कशी उतरायचो विचाराल, तर भोपळ्यांवर! हसू नका. वाळलेले मोठे भोपळे जाळीत बांधून कमरेला घ्यायचे. माणूस बुडत नाही. भाजी ठेवायची गुळाच्या कढईत. ती मोठी लोखंडी कढई पाण्यावर मस्त तरंगते. माझा मोठा भाऊ गणपत पोहत पोहत ती ढकलायचा, बाजूनं आई.

एकदा एक साहेब गाव पाहायला आले आणि रात्रीतून पाणी चढलं. सकाळी साहेबांना वाशीमची घाई. कढई एकच. गणपतनं वांगी उतरवायला हात घातला तशी आई कडाडली, "ठेव ते! पयले वांगे जातीन."

साहेबांचा शिपाई तापला, "अवो बाई, साहेब खोळंबून राह्यले!"

आई पाण्यात उतरत म्हणाली, "वांगे सुकतात, बाप्पा. साहेब सुकत नाही!"

साहेब हसले आणि दुसऱ्या खेपेला बसून गेले. तळाशी राहिलेलं एक वांगं त्यांनी आठवण म्हणून खिशात घातलं, असं गणपत सांगतो. गणपतचं अर्धंच धरायचं असतं, पण हे खरं असावं.

* * *

गणपत हंगामात जिनात जायचा. जिनवाला आधी घेतच नव्हता. "नदीवाले नको, पूर आला की घरी बसतात." गणपत म्हणाला, "ठेवून तं पाहा!" ठेवलं. आणि रोज सकाळी फाटकाशी पहिला कोण? ओल्या धोतराचा गणपत! जिनाच्या भिंतीला लागून राहणारे गडी डोळे चोळत मागून.

एक दिवस जिनवाला त्यांच्यावर उखडला, "अरे, याले नदी आडवी येते तरी हा टाइमावर! तुमाले काय आडवं येते?"

मागून एकजण म्हणाला, "खाट, मालक!"

* * *

आमच्या घराशी उंचावर वेलाचा मांडव होता. त्यावरचे मोठे भोपळे कधी तोडायचे नाहीत, वेलावरच वाळू द्यायचे. आणि घरातल्या प्रत्येकाचा भोपळा ठरलेला! खूण म्हणून त्याच्या देठाला त्या माणसाच्या जुन्या कपड्याची चिंधी. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या भोपळ्याला धोतराची, माझ्या भोपळ्याला परकराची. घरात नवं माणूस आलं की पहिलं काम तेच.

गणपतचं लग्न झालं. वहिनी मंगरूळपीरकडची, त्यांच्याकडे पाणी विहिरीतच पाहायचं. आईनं तिला मांडवाखाली नेलं, कौतुकानं चिंधी बांधली आणि म्हणाली, "हा तुया, बरं का सूनबाई."

वहिनीला वाटलं, सासूनं स्वयंपाकाला हुकूम दिला! दुसऱ्या दिवशी तिनं तो उतरवला, चिरला, छान फोडणी दिली आणि वाढला. दादांनी पहिला घास घेतला. कडू जहर! घास थुंकून ते पाणी प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "सूनबाई, तुनं तं तुई होडीच फोडनीले घातली!"

त्या वर्षी वहिनी पावसाळाभर कढईतून गेली. वांग्यांच्या शेजारी, पदर सावरून. पण मुलगी जिद्दीची. पुढच्या साली तिचा भोपळा घरात सगळ्यांत मोठा, आणि ती पोहण्यात गणपतच्या पुढे!

आणि एकदा आईला सणसणून ताप आला, तेव्हा हीच वहिनी एकटी नदी उतरून तास पडायच्या आत जागेवर जाऊन बसली. ठकूबाईनं लगेच मुन्शीला हाक मारली, "हे कोन होय? घरची कायवरून?"

मुन्शीनं विचारलं. वहिनीनं कमरेचा भोपळा सोडला, चिंधी वर करून ठणकावलं, "माया भोपळा त्याइच्या मांडवावरचा हाय. अजून काय पायजे?"

आमच्या भोपळ्यांचं गुजरीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुन्शीनं मान डोलावली आणि निकाल दिला, "ज्याचा भोपळा, तो घरचा."

ठकूबाईनं कपाळाला हात लावला, "घ्या! लोकं कुकू पाहतात, अन् हे भोपळा पाहतात!"

* * *

दादा मात्र गुजरीत बसायला लाजायचे. मोट हाकावी, मळा राखावा, बाजारात बसणं बायकांचं काम! पण एकदा आई आणि वहिनी दोघी आजारी, गणपत परगावी. गेले बिचारे. जागा राखली. आता मिशा एवढ्या, आवाज मोटेवरचा! एका बाईनं वांगं दाबून पाहिलं, तर दादा म्हणाले, "बाई, घ्याचं तं घ्या. इतकं पारखून राह्यल्या, सोयरीक करता का त्याच्यासंगं?"

बाई तणतणत गेली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. समोर ठकूबाई हसून हसून आडवी! शेवटी तीच उठली, पाटी आपल्या पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "बुवा, तुमी मिशा सांभाळा. वांगे मी पाहतो." दुपारच्या आत सगळी वांगी तिनं विकली. गुजरीनं काय सोडलं असेल होय? "सवतीनं घर सांभाळलं!" म्हणून दिवसभर चिडवलं. दादा खाली मान घालून घरी आले.

आईनं अंथरुणातूनच विचारलं, "कोनं इकले वांगे?"

"इकल्या गेले," दादा म्हणाले आणि बैलांकडे निघून गेले.

* * *

मग ते पुराचं साल आलं. त्या वर्षी नदी वेडी झाली. पाणी महादेवाच्या पायऱ्यांवर आलं, झाडंच्या झाडं वाहत जात होती. त्यात भोपळा काय करणार आणि कढई काय करणार! तरी आई पाटी भरून, भोपळे बांधून काठावर. दादांनी तिचा दंड धरला, "पारू, जागा जाते तं जाऊ दे. तू नको जाऊ."

आई तिथंच काठावर बसली. ढगाआडून ऊन दिसलं तसं म्हणाली, "आठ वाजले असतीन." आणि रडली. माझ्या आईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बुढीनं एकच चीज देल्ली होती, थे बी राखता नाही आली," एवढंच म्हणत होती.

पाणी उतरायला बरेच दिवस लागले. उतरलं तशी आई निघाली, मी सोबत. वाटभर ती बोलली नाही. मला वाटलं, ठकूबाईसाठी शिव्या जुळवते आहे.

गुजरीत शिरलो आणि पाहिलं. कडुनिंबाखाली, आमच्या जागेवर ठकूबाई! ऐसपैस, कांदे मांडून. आईचा चेहरा उतरला. मग माझं लक्ष समोर गेलं. ठकूबाईच्या जुन्या जागेवर एक लिंबूवाला बसला होता.

तेवढ्यात मुन्शी आला. "बरं झालं आल्या, पारूबाई. आता तुमीच सांगा. पुराच्या पयल्या दिवशी तास पडला, अन् हे तिकडून उठून इथं येऊन बसली. मी म्हटलं, 'बाई, तुयी तिकडची जागा जाईन.' तं म्हणे जाऊ दे. म्हणे मी माया नावानं नाही बसली, पारूच्या नावानं बसली. मी म्हटलं, घरचं मानूस लागते. तं म्हणे, 'मी घरचीच हाओ, तिची सवत हाओ. तिच्या मालकासंगं पाट लागला माया.' मी इचारलं, कवा? तं म्हणे, 'तुमाले निवता द्याचा राहला!'"

मुन्शी म्हणाला, "हे खरं हाय का? नसन, तं जागा दुसऱ्याले देतो."

आईनं ठकूबाईकडे पाहिलं. ठकूबाई मान खाली घालून कांद्याची सालं काढत होती.

"हाव," आई म्हणाली. "सवत हाय माही. अन् लय भांडखोर हाय!"

मुन्शीही पक्का. "मग हिचा भोपळा?"

"मांडवावर हाय. कवळा हाय अजून."

मुन्शी हसत पुढे गेला. ठकूबाई उठायला लागली, "बस माय आता. पाय आखडले माये."

"उठते कायले?" आईनं पाटी खाली ठेवली. "सरक जराशी."

संध्याकाळी घरी आल्यावर आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ मांडवाखाली गेली, नेसत्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि एका कोवळ्या भोपळ्याच्या देठाला बांधायला लागली.

दादा बैलांना वैरण टाकत होते. मोजदाद करून म्हणाले, "घरचे तं सगळ्याइचे झाले. हा कोनाचा व?"

आई गाठ आवळत म्हणाली, "तुमच्या दुसरीचा!"