फ्यूज कुणाच्या खिशात?

बत्तीनाना आयुष्यभर शिडीवर चढले आणि पडले ते पायपुसण्यावरून. वस्तीतल्या अर्ध्या घरांत पहिला दिवा त्यांच्या हातून लागला, म्हणून हे नाव. पेशानं वायरमन. बोलणं फटकळ, पण हाताला यश. बायको देवाघरी गेली, मुलगा कामासाठी परगावी. त्यामुळे भांडायला आणि जीव लावायला घरात एक सूनच उरली होती.

त्या सकाळी न्हाणीघराच्या दारात पायपुसणं सरकलं आणि नाना आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात खाट जरा हलली तरी त्यांच्या तोंडून आरोळी निघे. विजेचे झटके खाऊन ज्यानं कधी 'आई गं' म्हटलं नाही, तो माणूस चादरीच्या स्पर्शानं कळवळत होता. सुनेला बघवेना. तिनं भिंतीकडे तोंड करून देवाचा धावा सुरू केला.

धाव्याला ओ आली ती भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या रूपानं. वयानं नानांच्या नातीएवढ्या.

"आजोबा, जांघेत एक सुई देते. दुखऱ्या नसा तेवढ्या झोपतील. तुम्ही जागेच राहाल."

सोनोग्राफीच्या छोट्या पडद्यावर नस शोधून त्यांनी हलकेच औषध सोडलं. अर्ध्या तासात नानांच्या कपाळावरची आठी उलगडली. श्वास संथ झाला. सुनेनं मनातल्या मनात हात जोडले, तोच नाना म्हणाले, "सूनबाई, चपला आण माझ्या."

"चपला? अहो, हाड मोडलंय!"

"मोडलं असतं तर दुखलं नसतं का? सुई लागली आणि बसलं जागच्या जागी. रिक्षा बघ, घरी जाऊ."

असं म्हणून ते पाय उचलायला गेले. पाय जागचा हलेना. नानांचं तोंड उतरलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा पाय अलगद उशीवर ठेवला. "काम काय करायचात आजोबा?"

"वायरमन."

"मग सांगा, फ्यूज काढला म्हणजे तुटलेली तार जोडली जाते का?"

नाना ओशाळले. जे अडाणी गिऱ्हाइकांना ते जन्मभर ऐकवत आले, तेच कुणीतरी त्यांना ऐकवलं होतं. पण ऑपरेशनच्या कागदावर सही करायला ते हात पुढे करीनात. सून विनवू लागली तशी खरी गोष्ट बाहेर आली.

"माझ्या थोरल्या बहिणीला पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आली, पण मला म्हणाली, तुम्ही कोण? गेली तोवर ओळखलं नाही तिनं मला. पाय गेला तरी चालेल, बाई. डोकं जायला नको."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "पाठीत सुई देईन. कमरेखालचं कळणार नाही, वरचं सगळं कळेल. या वयात चार दिवस थोडा गोंधळ होऊ शकतो, खोटं सांगणार नाही. पण दुखणं असं अंगावर काढत पडून राहिलात, तर गोंधळाला आमंत्रणच."

नानांनी मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "एक विचारू? मी शिडीवर चढताना काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात घालायचो. नाहीतर खालचा एखादा शहाणा 'अंधार का?' म्हणत परत बसवणार आणि वरच्याचा कोळसा होणार. तुमची हातोडी चालू असताना फ्यूज कुणाच्या खिशात असणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "माझ्या. शेवटचा टाका पडेपर्यंत तुमच्या उशाशी बसून राहीन."

"चहालासुद्धा उठायचं नाही."

"नाही उठणार."

"सूनबाई, आण तो कागद," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाना आत गेले आणि सून बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसली. मणी पुढे सरकत होते, मन मात्र दारालाच चिकटलेलं. 'देवा, पाय तुझ्या मर्जीनं दे, पण माझं माणूस मला ओळखीचं दे.' एवढंच मागणं.

दार उघडलं. खाटेवर नाना डोळे मिटून. ती वाकली. "नाना, मी कोण?"

एक डोळा उघडला. "चहात साखर चोरणारी. दुसरी कोण?"

ती हसली आणि हसता हसता रडली. भर व्हरांड्यात तिनं पदरात तोंड लपवलं. मागून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नानांनी हनुवटीनं खूण केली. "उठल्या नाहीत हो. मी लक्ष ठेवून होतो."

पुढच्या सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी वॉकर समोर आणून ठेवला. नाना उभे राहिले, तेव्हा ओठ आवळले गेले.

"दुखतंय?" सुनेनं विचारलं.

"दुखतंय. पण माणसासारखं दुखतंय, सोसेल." त्यांनी वॉकर घट्ट धरला, समोर पाहिलं. "तू बस गं. मी दारापर्यंत जाऊन येतो."

आणि पाय पुढे टाकला.