फोन उचलणाऱ्या बाई

आमच्या नव्या सीईओ पहिल्या दिवशी कामावर आल्या आणि केबिनमध्ये बसल्याच नाहीत. खराडीतल्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांच्यासाठी केबिन पुसून ठेवली होती, टेबलावर फुलंसुद्धा होती. बाईंनी दारातून आत पाहिलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि विचारलं, "गिऱ्हाइकांचे फोन कुठे येतात?" कोणीतरी कोपऱ्यातलं सपोर्टचं टेबल दाखवलं. तिथल्या मुलीला त्यांनी जरा सरकून बसायला सांगितलं, हेडसेट डोक्यावर चढवला आणि वाजत असलेला फोन उचलला. पुढचे पंधरा दिवस त्या तिथेच होत्या. त्यांचं आडनाव आम्हाला पाठ व्हायच्या आत त्या फोनबाई झाल्या, आणि शेवटपर्यंत फोनबाईच राहिल्या.

मला त्यांचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. माझे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त वाचली जायची. मी अक्षरं जुळवायला शिकले तीच 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर. बुडत्या कंपनीत नवा साहेब येतो तो माणसं कमी करायला येतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आयटीत या प्रकाराला गोंडस इंग्रजी नावं आहेत. नाव गोंडस ठेवलं म्हणून गेलेली नोकरी परत येत नाही.

आमची कंपनी लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं, सगळं त्यात. आम्ही दीडशे माणसं होतो. दवाखाने एकामागून एक आम्हाला सोडून चालले होते आणि का सोडतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीत पैसा घातलेली मंडळी मुंबईत बसायची. कुजबुज अशी होती, की त्यांनी बाईंच्या हातात येतानाच एक यादी दिली आहे. बाईंनी ती कुजबुज पहिल्याच सोमवारी संपवून टाकली. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे साठ नावांची यादी आहे. मी ती वाचली आहे, सही केलेली नाही. सहा महिने मागून घेतलेत. तोवर ती ड्रॉवरमध्ये राहील. यापेक्षा जास्त आज माझ्याकडे द्यायला काही नाही. प्रश्न?"

साठ म्हणजे पाचातले दोन. प्रत्येक जण शेजारच्या टेबलाकडे बघून हिशेब करत होता. मी जागेवर गेले आणि पत्रक लिहिलं. दोन पानी, खणखणीत. सकाळी ते कॅन्टीनच्या भिंतीवर, लिफ्टच्या आत आणि बाईंच्या न वापरलेल्या केबिनच्या दारावर चिकटवलं. खाली नाव घातलं, कारण निनावी पत्रक हे भेकडाचं काम असं बाबा म्हणायचे.

दुपारी बाईंनी मला सपोर्टच्या टेबलाशी बोलावलं. माझं पत्रक त्यांच्यासमोर होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. बाई म्हणाल्या, "पहिलं पान चांगलं आहे. दुसऱ्यावर तुम्ही मुद्दा सोडून माझ्या साडीवर घसरलात. आणि मागणी कुठे आहे? अहो, पत्रकात मागणी लागते. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, की त्याने नेमकं काय द्यायचंय." बाबांनीही हेच म्हटलं असतं, आणि याच सुरात. संध्याकाळपर्यंत मी मागणी लिहून दिली: जो निर्णय होईल तो मेलवर कळवायचा नाही, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगायचा. बाईंनी वाचलं. "मान्य," म्हणाल्या, आणि हेडसेट चढवला.

ती मागणी त्यांना इतकी चटकन का मान्य झाली, हे मला महिन्याने कळलं. आमच्या टेस्टिंगमधला प्रशांत चहाच्या टपरीवर सांगून गेला, की याच बाईंनी त्याला एकदा नोकरीवरून काढलं होतं, आधीच्या एका कंपनीतून, आणखी शंभरेक जणांबरोबर, मेल पाठवून. मला हेच हवं होतं. पुढच्या सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि विचारलं, की तुम्ही आधीच्या एका कंपनीत शंभर माणसं काढलीत, हे खरं का?

"एकशे बारा," बाई म्हणाल्या. "हो. कंपनी तरीही बुडाली. त्यातल्या एकाशीही मी स्वतः बोलले नव्हते. बोलले असते तर कदाचित वेळेवर कळलं असतं, की कंपनी का बुडतेय. त्या लोकांना ते ठाऊक होतं."

बैठकीनंतर प्रशांतला मी विचारलं, समाधान झालं का. तो म्हणाला, "समाधान कसलं? पण आकडा लक्षात आहे बाईंच्या." प्रशांत मूळचा सदाशिव पेठेतला. त्याच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

बाईंनी आयुष्यात एकही धडधाकट कंपनी चालवली नव्हती. पहिली चिंचवडची, संगणक जोडून विकणारी. दुसरी टेलिफोनची यंत्रं करणारी. मग शाळांना शिकवण्या विकणारी, ती एकशे बारावाली. मग आणखी एक. दोन उभ्या राहिल्या, एक विकली गेली, एक बुडाली. चांगल्या कंपन्यांची बोलावणी त्यांना येत. त्या जात नसत. "चालत्या कंपनीत मी काय करू? तिथे सगळे हसत असतात. खरं कोणी बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

खरं बोलून घ्यायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. त्या कोथरूडला राहायच्या आणि जुनी गाडी स्वतः चालवत खराडीला यायच्या. गाडीतल्या उरलेल्या चार जागा कंपनीतल्या कोथरूडकरांसाठी खुल्या होत्या. अट एकच: बंडगार्डनचा पूल येईपर्यंत प्रत्येकाने कंपनीत चुकत असलेली एक गोष्ट सांगायची. पुलानंतर क्रिकेट, पोरंबाळं, काहीही. सुरुवातीला लोक एसीच्या थंडीबद्दल आणि कॉफीच्या चवीबद्दल तक्रारी करत. बाई मान डोलवत आणि म्हणत, "तुमची उद्याची जागा गेली." दोन आठवड्यांत त्या गाडीत अशा गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या, ज्या कंपनीच्या एकाही बैठकीत चार वर्षांत निघाल्या नव्हत्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट गाडीत नव्हे, फोनवर निघाली. आमच्याकडे एक आलेख होता आणि आमचे साहेब लोक तो मोठ्या अभिमानाने भिंतीवर लावत. त्यात दिसायचं, की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक नोंदी रविवारी दुपारी होतात. त्याचा अर्थ आम्ही असा लावला होता, की डॉक्टर मंडळी सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्हाला सोडत नाहीत. बाईंनी तो आलेख पाहिला आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, की तुमच्यासमोर आत्ता काय आहे. दहापैकी आठ जणांनी सांगितलं, वही.

मग उलगडा झाला. पाच मिनिटं हात लागला नाही, की आमचं सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी आपोआप बंद व्हायचं, आणि शेवटचा रकाना भरल्याशिवाय काहीच जतन करायचं नाही. खराडीत खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला यात काही गैर दिसत नाही. लहान दवाखान्यात काउंटरवरची सिस्टरच केसपेपर करते, इंजेक्शन देते, फोन घेते आणि रडणारं पोर धरते. ती परत येईपर्यंत अर्धी भरलेली नोंद उडालेली असायची. म्हणून आठवडाभर तिने वहीत लिहायचं आणि रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन ते सगळं संगणकात भरायचं. आमचा अभिमानाचा आलेख म्हणजे कित्येक बायकांच्या हिरावलेल्या रविवारांचं चित्र होतं. तो भिंतीवरून कोणी काढला, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता.

मी मोठ्या तोऱ्यात होते, कारण सॉफ्टवेअर मी लिहिलं नव्हतं. मी फक्त त्याची माहितीपुस्तिका लिहायचे, दोनशे पानांची. बाईंनी मला शेजारी बसवलं आणि दुसरा हेडसेट दिला. लोणी काळभोरच्या एका दवाखान्यातून मंगलताई नावाच्या सिस्टरचा फोन होता. पेशंटचं वय चुकलं होतं, दुरुस्त कसं करायचं? मी आत्मविश्वासाने सांगितलं, पान चौऱ्याऐंशी पाहा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, पुस्तक खोक्यातच हाय. ते वाचत बसले तर पेशंट कोण बघणार, तुम्ही?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला पत्रक लिहिता येतं ना? मग पत्रक लिहा. एक पान. काउंटरच्या भिंतीवर लावता येईल असं." मी एकवीस वेळा लिहिलं आणि प्रत्येक खर्डा मंगलताईंना फोनवर वाचून दाखवला. एकविसाव्या वेळी त्या म्हणाल्या, "आता समजलं. हे आधीच का नाय दिलं?"

प्रोग्रॅमर लोकांना बाईंनी याहून कडक शिक्षा दिली. प्रत्येकाने आठ दिवस एकेका दवाखान्याच्या काउंटरमागे बसायचं. काही सुचवायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही, फक्त बघायचं. पुष्कळांनी कुरकुर केली. एकाने विचारलं, आम्ही इंजिनिअर की कंपाउंडर? बाई म्हणाल्या, "आठ दिवसांनी तुम्हीच सांगा." तो माणूस परत आला आणि थेट कामाला बसला. पाच मिनिटांचा नियम त्यानेच काढला, आणि अर्धी नोंदही जपून ठेवणारी नवी पद्धत त्यानेच बसवली. एकेक करत सोडून गेलेले दवाखाने चौकशी करू लागले. त्यांच्या सिस्टरांना शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टरांकडून कळलं होतं. आमच्या विक्री विभागाला चार वर्षांत जे जमलं नव्हतं, ते या बायकांनी भाजी निवडता निवडता केलं.

सहावा महिना लागला. मुंबईहून तिघं जण आले, यादीचं काय झालं ते विचारायला. त्यांच्यासाठी बाईंनी एकही स्लाइड केली नव्हती. त्यांना गाडीत घातलं आणि सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला नेलं. टिपणं काढायला मी पुढच्या सीटवर होते. दवाखान्यात ओळीने पेशंट बसले होते. मंगलताई एका हाताने संगणकावर लिहीत होत्या, दुसऱ्या हाताने थर्मामीटर झटकत होत्या. मध्येच उठून ड्रेसिंग करून आल्या आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे लिहू लागल्या. तिघांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी घरून अभ्यास करून आणलेला प्रश्न विचारला: रविवारी भरायला किती वेळ लागतो?

मंगलताईंनी मान वर केली नाही. "रविवारी मी घरी आस्ते. सुट्टी हाय माझी."

परतताना हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा ते गृहस्थ इतकंच म्हणाले, की ती यादी आता नको. बाईंनी गिअर बदलला आणि म्हणाल्या, "लेखी द्या."

त्याच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये बाईंनी ते तोंडाने सांगितलं, सगळ्यांसमोर. "यादी रद्द झाली आहे. एकही माणूस जाणार नाही. हे तुम्ही केलंत." एवढंच. त्यावर दीडशे माणसांचा जो आवाज झाला तो खालच्या मजल्यावरच्या कंपनीचे लोक बघायला वर येण्याइतका मोठा होता. प्रशांतने डोळे पुसले आणि चष्म्यावर वाफ आली असं सांगितलं. मी लहानपणापासून विजयाच्या सभांची वर्णनं ऐकत आले होते. स्वतः उभी राहिले अशी ही पहिली.

कंपनी पुढे वाढतच गेली. आम्हाला वाटलं, आता बाई जरा केबिनमध्ये बसतील. वर्ष संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. फुरसुंगीच्या बाजूला पाण्याचे मीटर करणारी एक कंपनी शेवटच्या घटका मोजत होती, तिकडे निघाल्या होत्या. निरोप समारंभाला नकार दिला; पेढे वाटायला परवानगी दिली.

त्या दिवशी पर्स आणि दोन फायली घेऊन त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला मी गेले. वर्षभर एक प्रश्न मला छळत होता. यादीत कोण होतं, हे बाईंनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. रद्द झालेल्या यादीत नावं नसतात, असं म्हणून त्या विषय मिटवायच्या. मी म्हटलं, आता तुम्ही जाताच आहात, माझं नाव होतं का, तेवढं सांगा.

"होतं," बाई म्हणाल्या. "पहिलंच. पुस्तिका लिहिणारी माणसं कशाला लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं."

म्हणजे मी दारावर पत्रक चिकटवलं, त्यांनी पेन्सिलीने ते तपासलं, मला शेजारी बसवून घेतलं, त्या सगळ्या वेळी हे त्यांना माहीत होतं. माझा आवाज चढला. मी विचारलं, की इतक्या दिवसांत एकदाही मला सांगावंसं वाटलं नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. "मला चिडून लिहिणारं माणूस हवं होतं."

मग त्यांनी फायली मागच्या सीटवर टाकल्या, काच खाली केली आणि गाडी सुरू केली. "चिडत राहा," म्हणाल्या. "चला, तिकडे दोनशे जण थांबलेत."