गाळलेली ओळ

त्या मुळीचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणी कितीही खोदून विचारलं तरी नाही. एकदा लिहिलं तेवढं पुष्कळ झालं.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला एका लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणायला. खाऱ्या हवेनं फुगलेली कपाटांची दारं खांदा देऊन लावायची आणि पुस्तक वेळेवर न आणणाऱ्यांचा वाईटपणा घ्यायचा, एवढंच काम. माझ्या जोडीला एक शिपाई होते. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत घर. आठवडाभर वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं बायकोकडे जायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, ते मला बाय म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, पण पुस्तकाला हात लावण्याआधी हात लेंग्याला पुसणार. मी चिडवायची, "मामा, पुस्तक आहे ते, देव नाही." त्यावर ते म्हणायचे, "देवाला तरी कुठं रोज फडका मारतो आमी?"

त्याच सुमारास मला इंटरनेटचं वेड लागलं. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले काही पुस्तकवेडे मिळून एक ऑनलाइन वाचनालय चालवत होते. सभासद जुनी, दुर्मीळ पुस्तकं टंकून तिथे चढवत आणि पुस्तकांवर लेख लिहीत. लेखाखाली वाचकांचे प्रतिसाद येत. मी मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत, एका हातानं पंखा माझ्याकडे वळवत, इंग्रजी कळफलकावरून मराठी टंकायला शिकले. नव्या लेखकांसाठी त्या मंडळींनी दोन अटी लिहून ठेवल्या होत्या: लेख रंजक हवा आणि जबाबदारीनं लिहिलेला हवा. रंजक म्हणजे काय ते मला कळत होतं. जबाबदारी म्हणजे शुद्धलेखन सांभाळावं आणि दुसऱ्याचं ढापू नये, असा माझा समज होता.

माझे पहिले दोन लेख पडले. एकाला तीन प्रतिसाद आले, त्यातला एक माझ्याच मावसबहिणीचा. दुसऱ्याखाली कुणीतरी "माहितीपूर्ण" एवढंच लिहिलं. माहितीपूर्ण! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी चांगलं लिहिते असं मला शाळेपासून वाटत होतं, आणि मांडवीच्या त्या खोलीत आपण कपाटांबरोबर कुजणार, ही भीती त्याहून जुनी होती.

मग एक पेटी आली. गाव सोडून मुंबईला मुलाकडे गेलेल्या एका कुटुंबानं पुस्तकं देणगी दिली होती. तळाशी कुणा जुन्या वैद्याची हस्तलिखित वही निघाली. विटकरी पडलेली शाई, मोत्यासारखं अक्षर, आणि पान उलटावं तसे एकेका दुखण्यावर उपाय. त्यात चार पानं फुरशावर होती. फुरसं म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा मातकट साप. आमच्याकडे कातळावर, दगडांखाली, वाळक्या पानांत पायलीचे पन्नास. विष जहाल, पण सावकाश भिनणारं. साप चावला असं आमच्याकडे तोंडानं म्हणत नाहीत. "पान लागलं" म्हणतात, म्हणजे त्याचं नाव घेतलं जात नाही आणि तो पुन्हा येत नाही. वैद्यानंही तसंच लिहिलं होतं: पान लागल्यास अमुक मूळ उगाळावं, इतकं लावावं, इतकं दुधातून द्यावं.

ती चार पानं वाचून मी वेडी झाले. तीन संध्याकाळी बसून लेख लिहिला. कातळावरचं ऊन लिहिलं, वैद्याचं अक्षर लिहिलं, आणि तो उपाय मापासकट, अगदी पाककृती सांगावी तसा लिहिला. उपाय खरा की खोटा हे तपासावं असं मनातसुद्धा आलं नाही. आमचे एक सभासद डॉक्टर होते, दर बुधवारी रहस्यकथा बदलायला यायचे. त्यांना विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती मी पहिल्या खर्ड्यात लिहिलीही होती. अगदी शेवटी. "आज मात्र पान लागलं तर यातलं काही करू नका, मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा." लेख स्वतःशीच मोठ्यानं वाचला तेव्हा त्या ओळीपाशी जीभ अडखळली. तिच्या आधीचं वाक्य असं होतं: "फुरशाला माणूस ठाऊक नव्हता, पण या वहीतल्या माणसाला फुरसं ठाऊक होतं." काय ते वाक्य! आज आठवलं तरी लाज वाटते; आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटतं. इतकं झाल्यावर खाली ती दवाखान्याची ओळ म्हणजे आरोग्य खात्याची पाटी. मी ती खोडली.

त्या संकेतस्थळाचे एक संपादक होते, पुण्यातले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अगदी नम्रपणे लिहिलं, की औषधोपचाराचा भाग आहे, शेवटी सावधगिरीची एक ओळ टाकता का? मला राग आला. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकताहेत, असं वाटलं. मी त्यांना लांबलचक उत्तर धाडलं. वाचक मूर्ख नसतो, ललित लेखाला औषधाच्या बाटलीसारखी सूचना चिकटवायची नसते, वगैरे वगैरे. ते गृहस्थ भांडणारे नव्हते. त्यांनी लिहिलं, "ठीक आहे, निर्णय तुमचा." मी जिंकले.

लेख गाजला. दोन दिवसांत साठ-सत्तर प्रतिसाद. परदेशातल्या एकानं लिहिलं की कातळाचा वास आला. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही पदर खोचून चढले. वाचनालयाच्या अध्यक्षांना कळलं तेव्हा त्यांनी लेखाच्या प्रती छापून आणायला लावल्या. आमच्या सभासदांपैकी इंटरनेट पाहिलेले असे किती होते! एक प्रत सूचनाफलकावर लागली. लावली मामांनीच, चारही कोपऱ्यांना पिना मारून. मग मला म्हणाले, "बाय, एक मला द्या. वाडीत दाखवतो. आमच्या वाचनालयात छापलेलं हाय म्हनून." मी प्रत दिली, वर सहीसुद्धा केली.

आता जे सांगायचं ते नीट सांगते, कारण लोक इथे चुकीचं समजतात. मामांची वाडी अडाणी नव्हती. तिथे कुणी मांत्रिकाकडे जात नसे. पान लागलं की वाडीतली जीप काढायची आणि माणसाला थेट देवरूखच्या दवाखान्यात न्यायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ होतं. असे चारपाचजण त्यांच्या डोळ्यांदेखत वाचले होते. त्यांना थांबायला मी शिकवलं.

फाल्गुनातला रविवार होता. भातशेतीची जमीन भाजायला म्हणून बायका रानात पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं, गोळा करत होत्या. मामी पातेऱ्यात हात घालायला गेल्या आणि मनगटाजवळ फुरसं डसलं. मामा घरीच होते. कुणीतरी जीपवाल्याला हाक मारली, तो आलाही. मामांनी त्याला थांबवलं. घरात जाऊन कागद आणला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. पुतण्यांना मूळ शोधायला धाडलं. तासाभरात मूळ मिळालं. जे मूळ सहज मिळू नये, ते मिळालं. उगाळलं, लावलं, दुधातून दिलं. मामींना जरा बरं वाटलं, संध्याकाळी त्या भाकरीही थापायला बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर रक्त आलं.

मामींना रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणल्याचं कळलं, मंगळवारी मी तिथे गेले. मामा व्हरांड्यात उभे होते, डॉक्टर त्यांना विचारत होते, काय काय केलंत, केव्हा केलंत. मामा क्रमानं सांगत होते, मूळ किती, दूध किती, लेप कुठून कुठवर. वर्गात कविता म्हणून दाखवावी तसं. डॉक्टरांचा पारा चढत गेला. "कुणी सांगितलं हे तुम्हाला?" मामा म्हणाले, "वाचलंय, सायेब." आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता. आपल्या बाजूनं बोलणारं शिकलेलं माणूस वेळेवर आलं, असं काहीतरी होतं. डॉक्टरही माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी यांच्या वाचनालयात असते." एवढंच. पुढे एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही.

मूत्रपिंडं गेली होती. कोल्हापूरला हलवलं. तिथे आठवडाभर झुंजून मामी गेल्या.

मी त्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन संपादकांना लेख काढून टाकायला सांगितलं. कारण दिलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, तासाभरात काढला. सूचनाफलकावरची प्रतही मी उतरवली. विषय संपला असं वाटलं, तोवर तीन आठवड्यांनी माझ्या टपालपेटीत मलाच एक ईमेल आली. कुणीतरी माझा लेख उचलून, माझं नाव गाळून, वर "कोकणातलं अस्सल ज्ञान, सर्वांना पाठवा" असं लिहून सोडून दिला होता. तुटक्या अक्षरांत, पण शब्द न् शब्द माझा. फुरशाला माणूस ठाऊक नव्हता. मी उलट लिहिलं की हे धोकादायक आहे, कृपया पुढे पाठवू नका. ज्यानं पाठवली त्याचं उत्तर आलं, की बाई, तुम्हाला आपल्या परंपरेची लाज वाटते का? पुढे कितीतरी वर्षं ती ईमेल फिरत फिरत माझ्याकडे येत राहिली. दर वेळी मी उत्तर लिहायची. मग लिहिणंही सोडलं. कुणाकुणाला लिहिणार?

तेराव्यानंतर मामा कामावर आले. मी त्यांच्याशी काय बोलू? चहा द्यायची, घरी लवकर जा म्हणायची, शनिवारी सकाळीच सोडायची. लोक म्हणत, बाई किती करते त्यांच्यासाठी. रोज ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज कुणी ना कुणी पुस्तक बदलायला यायचं. खरं म्हणजे कुणी आलं नाही तरी मी सांगितलं नसतं. मी भित्री आहे हे मला त्या वर्षी कळलं. त्यापूर्वी मी स्वतःला स्पष्टवक्ती समजत होते.

असे दहा महिने गेले. माघात एका सकाळी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. नेहमीप्रमाणे हात लेंग्याला पुसत होते.

"बाय, तो कागद आनखी एकदा काढून द्याल? माझा पावसात भिजला."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कशाला हवाय, मामा?"

"वाडीतल्यांना हवाय. आता बायका पातेऱ्याला जातील. या खेपेला चूक नको." मग आवाज खाली करून म्हणाले, "माझ्याकडनं चूक झालेली. कुनाला बोललो नाय मी. दूध गायचं लिवलं होतं तुमी. गाय आटलेली, म्हनून आमी म्हशीचं घेतलं."

दहा महिने हा माणूस रोज माझ्यासमोर पुस्तकं पुसत होता आणि मनात म्हशीचं दूध घेऊन फिरत होता. आपल्या हातानं बायको गेली असं समजून. मी चहा देत होते.

मी उठून दार लावलं आणि त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मी सांगितलं की चूक दुधाची नव्हती. त्या मुळीनं फुरशाचं विष उतरत नाही, गाईच्या दुधातून दिली तरी नाही. कागद मिळणार नाही, आणि वाडीत सगळ्यांना सांगा की जीपच काढायची.

त्यांना समजायला वेळ लागला. "म्हंजे जीपनं नेली असती तर?"

"बहुतेक वाचल्या असत्या."

"हे तुमाला आता कळलं?"

इथे हो म्हणता आलं असतं. फार सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "तेव्हाही ठाऊक होतं."

"मग लिवलं का नाय?"

"लिहिलं होतं, मामा. नंतर खोडलं."

"कशाला?"

"शेवटी बरं दिसत नव्हतं."

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी आजवर त्यांची ऋणी राहिले असते. ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "सगळा वाचून दाखवलेला मी तिला, तुमचा लेख. होळीच्या आधी, चुलीपाशी बसून. लय आवडलेला. म्हनली, शेवट तर झकासच केलाय बायनं."