फेऱ्या मोजणारे काका

लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव दिल्यापासून मी रोज सकाळी माधव नगरात धावतो. म्हणजे पोट पुढे आणि मी मागे. शेजारचे काका फाटकाशी खुर्ची टाकून माझ्या फेऱ्या मोजतात. मी पायरी चढायच्या आत आमच्या घराकडे तोंड करून माझ्या बायकोला ओरडून सांगतात, "सूनबाई, आज दोनच चक्कर. बाकी वेळ पोह्यांच्या ठेल्यावर." माझा रोज संताप होतो.

आज तर पहिल्याच फेरीत अर्ध्यावर दम लागला आणि मी टावर चौकातून ऑटोने परतलो. उद्यापासून हे बंद, असं ठरवूनच उतरलो. काकांनी ऑटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा हळूच हाक दिली, "सूनबाई, आज पूर्ण पाच."

चुगली सोसली होती, ही दया मात्र झोंबली. "तुम्हाला कोणी सांगितलंय खोटं बोलायला?" असं म्हणत मी दारातूनच वळलो आणि त्यांना शिव्या घालत पहिली फेरी सुरू केली.