सतराव्या पायरीवर काय झालं?

"मधून उघडा," म्हणायचे ते. पुस्तक असो की कापसाचा टेम्पो, सांगणं एकच.

सेलूच्या बाजारात ते कापसाची प्रत ठरवायचे. बाजारात त्यांना ग्रेडर म्हणत, आम्ही गल्लीतल्या बायका मामा. टेम्पो आला की कोपरापर्यंत हात खुपसायचे, आतून चिमूटभर कापूस काढायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणायचे. धागा किती लांब निघतो ते बघायचे. शेतकरी तोवर श्वास रोखून उभा. मला एकदा म्हणाले, "वरचा कापूस समदेच चांगला ठेवतेत, ताई. मधला बघावा."

मी गल्लीतल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते, तेव्हाही करायची. शाळा माझी सातवीपर्यंत. बाकी जे आलं ते या कपाटांपुढं बसून आलं. बाजार उठला की मामा यायचे. केसांत रुई, भुवयांवर रुई. मी म्हणायची, "मामा, झटकून तरी या. पुस्तकांना लागायलीय."

"लागू द्या की. त्यांना थंडी वाजायली असंल."

आता त्या पुस्तकाचं सांगते. 'बारवेखालचं आभाळ'. दहा-बारा वर्षांच्या लेकरांसाठी लिहिलेली कादंबरी. पहिली पानं गळून गेलेली, म्हणून लिहिणाऱ्याचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नाही. मामांचा तिच्यावर फार जीव. आणि आमच्याकडं नियम असा, की वर्षभरात जे पुस्तक कुणीच वाचलं नाही ते दिवाळीआधीच्या छाननीत रद्दीत. जागाच नाही हो. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर त्या वर्षाचा एक तरी शिक्का असला तर पुस्तक राहिलं, नाही तर गेलं.

म्हणून मामा दरवर्षी तिच्यासाठी वाचक धरून आणायचे. मी म्हणायची, तुमच्याच नावावर मारते की शिक्का. तर म्हणायचे, "मला पाठ हाय ते. नवं माणूस पायजे." मग भाजीवालीची पोर यायची, पालमहून कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याची लेक यायची. एकदा एसटीच्या कंडक्टरलाच घेऊन आले. "लेकरायचं हाय म्हणून लाजू नका, साहेब. मधून उघडा, एक पान वाचा." कंडक्टर उभ्या उभ्या वाचायला लागले आणि तिकडं स्टँडवर त्यांची बस हॉर्न वाजवून थकली.

पुस्तक परत आलं की मामांचा ठरलेला प्रश्न, "सतराव्या पायरीवर काय झालं?" उत्तर त्यांच्या कानात सांगायचं, न वाचलेल्यांनी ऐकायचं नाही. बरोबर आलं की माझ्याकडं बघून मान हलवायचे. मगच शिक्का.

मी मात्र ते वाचलेलं नव्हतं. शिक्के मारले, धूळ पुसली, पुठ्ठा निघाला तेव्हा खळ करून चिकटवला. पण वाचलं नाही. लेकरांचं पुस्तक, आपण म्हाताऱ्या बाईनं काय वाचायचं त्यात!

मागच्या वर्षी मामांच्या छातीनं दगा दिला. जन्मभर कापसाची धूळ गेलेली आत. घराबाहेर पडणं बंद झालं आणि पुस्तक कुणी नेलं नाही. छाननीच्या आदल्या दिवशी मी चिठ्ठी बघितली, वर्षभर कोरी. गपचूप माझ्या नावावर शिक्का मारला. वर त्यांना बरं वाटावं म्हणून घरी जाऊन सांगितलं, "मामा, राहिलं बरं का पुस्तक. मीच वाचलं."

उशांना टेकून बसले होते. डोळे लकाकले. "मंग सांगा. सतराव्या पायरीवर काय झालं?"

मी ठोकून दिलं, "पोरीला खजिना सापडला."

दारात उभ्या त्यांच्या सुनेनं कपाळाला हात लावला. तिनंही वाचलेलं! मामा हसायला गेले, खोकल्यानं हसू देईना. म्हणाले, "ताई, तुमी बी वरचाच कापूस दाखवायलाव."

मान वर करवेना मला. तशीच वाचनालयात गेले, पुस्तक उचललं, घरी आले. दूध तापायला ठेवलं आणि पुस्तक मधून उघडलं.

काय सांगू तुम्हाला! गोष्टीतल्या पोरीच्या गावाबाहेर बारव आहे, आपल्याकडं असते तशीच, पायऱ्यापायऱ्यांची विहीर. पाणी आटतं आणि तळाशी आभाळ दिसतं, चांदण्यांसकट. तिची बहीण त्यात उतरलेली. ही तिला आणायला निघते. पण त्या बारवेत खाली खाली काळ हळू चालतो. हिनं एक पायरी उतरली की वर गावात एक वर्ष सरतं. हे अगदीच मनचं नाही बरं का. फार जड गोष्टीजवळ काळ खरंच हळू चालतो, हे शास्त्र त्यात इतकं सोपं सांगितलंय की मला, सातवी शिकलेल्या बाईला, कळलं. वरून आई हाका मारते. दर पायरीला ती हाक बारीक होते, घाईघाईची होते, आणि आई एका वर्षानं म्हातारी. पोरीनं उतरावं की माघारी फिरावं?

सोळाव्या पायरीवर माझा हात थांबला. पान उलटवेना. दूध कधीच उतू जाऊन पातेलं करपलं होतं. भिंतीवरचं ऊन निघून गेलं होतं. मीही दोन पायऱ्या उतरून आले असं वाटलं. मग शेवटपर्यंत वाचलं. असं कुणाला सुचत असेल? आणि ते आमच्या कपाटात, माझ्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर!

दुसऱ्या दिवशी गेले तर मामांच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला. मी कॉटजवळ बसले आणि सतरावी पायरी सांगितली. तेव्हा त्यांनी रिकाम्या हवेत दोन चिमटी धरल्या आणि हळूहळू ताणल्या. हात पार दोन्हीकडं पसरले. बाजारात एवढा लांब धागा मी कधी बघितला नाही. मग मास्क जरासा उचलून म्हणाले, "आता पडला शिक्का."

संक्रांतीच्या आधी मामा गेले.

यंदाची छाननी जवळ आलीय आणि चिठ्ठी अजून कोरी आहे. माझं नाव चालायचं नाही, मला आता पाठ आहे. तेव्हा घरात दहा-बारा वर्षांची नात असेल तर तिला पाठवा, नसेल तर तुम्ही या. दुसरं कपाट, खालून दुसरा खण. पानांच्या शिवणीत थोडी रुई अडकलेली दिसेल, ती राहू द्या. मधून उघडा. परत आणाल तेव्हा मी विचारणार आहे.